तुटणारी बिनतारी जोडणी : दोष शोधावा कसा?

बेळगाव शहरात खानापूर रस्त्यालगत उद्यमबाग ही औद्योगिक वसाहत वसलेली आहे. तेथील फौंड्रीत साच्यातून निघालेल्या ओतकामात पोकळी आढळली, तर जाणता कारागीर लगेच भट्टी बदलावयास निघत नाही. वाळूत ओल अधिक राहिली काय, साच्यातील वायूला बाहेर पडण्यास वाट होती काय, हे तो क्रमाने पाहतो. कारखान्यात अंगवळणी पडलेली ही शिस्त घरी परतल्यावर मात्र पुष्कळदा विसरली जाते. लॅपटॉपची वाय-फाय जोडणी वारंवार तुटू लागली की कोणी राउटर बदलतो, कोणी लॅपटॉप दुरुस्तीस टाकतो, तर कोणी नवा घेण्यासाठी कर्जाची चौकशी करतो. दोष कोठे आहे हे न जाणता केलेला खर्च बहुधा वाया जातो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा घरातील जोडणी हाच पुष्कळ मुलांचा वर्ग बनला होता. शाळा पुन्हा भरू लागल्या. तथापि प्रवेशाचे, शिष्यवृत्तीचे व नोकरीचे अर्ज आज बव्हंशी संगणकावरूनच भरावे लागतात. शेवटच्या दिवशी, निम्मा अर्ज भरून झाल्यावर जोडणी तुटली, तर एखाद्या विद्यार्थ्याचे वर्ष पणास लागते.

या जोडणीचे तीन दुवे असतात : बाहेरून घरापर्यंत येणारी तार, घरातील राउटर आणि राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची बिनतारी वाट. यांपैकी कोणता दुवा निखळतो, हे प्रथम ठरवावे. त्यासाठी घरातीलच मोबाइल पुरेसा आहे. त्याचा मोबाइल डेटा बंद करून तो त्याच वाय-फायला जोडावा व लॅपटॉपशेजारी ठेवावा. दोन्ही यंत्रांवर वाय-फायची खूण कायम असूनही इंटरनेट बंद पडत असेल, तर बाहेरील तारेविषयी संशय घ्यावा. फायबर जोडणीच्या यंत्रावर ‘एलओएस’ या अक्षरांजवळ लाल दिवा दिसला, तर तारेतून प्रकाश पोहोचत नाही असे समजावे व कंपनीकडे तक्रार नोंदवावी. यंत्राचे सर्व दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील, तर दोष विजेचा, सैल प्लगचा किंवा अडॅप्टरचा असण्याचा संभव अधिक. मोबाइल सुरळीत चालतो आणि लॅपटॉपच तेवढा तुटतो, असे दिसले तरच लॅपटॉपकडे वळावे.

बिनतारी लहरी भिंत भेदून जातात. जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात याचे प्रात्यक्षिक दाखविले होते. परंतु प्रत्येक भिंतीगणिक त्या क्षीण होतात. जाड दगडी भिंत व पाणी त्यांना शोषून घेतात. लोखंडी कपाट व पत्रा त्यांना परतवून लावतात. म्हणून राउटर कपाटामागे अगर जमिनीवर न ठेवता घराच्या मध्यभागी, उंच व मोकळ्या जागी ठेवावा. वाय-फायचे मुख्य पट्टे दोन : २.४ व ५ गिगाहर्ट्झ. पहिला दूरवर पोहोचतो, पण त्यात गर्दी फार. मायक्रोवेव्ह ओव्हन व ब्लूटूथदेखील त्याच पट्ट्यात काम करतात. त्यात एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या १, ६ व ११ या तीनच आहेत. शेजारच्या घरांतील राउटर त्याच वाहिनीवर असतील, तर सायंकाळी अडथळा वाढतो. अशा वेळी वाहिनी बदलावी, किंवा जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा.

दोष लॅपटॉपचाच ठरला, तर प्रथम त्यातील त्या वाय-फायची जुनी नोंद पुसून संकेतशब्द नव्याने द्यावा. काही वेळ न वापरल्यानंतरच जोडणी तुटत असेल, तर वीज वाचविण्याची व्यवस्था तपासावी. पुष्कळ विंडोज लॅपटॉपांत डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय अडॅप्टर बंद करण्याची मुभा संगणकाला दिलेली असते; ती काढून घ्यावी. त्यानंतर वाय-फायचा ड्रायव्हर लॅपटॉप बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच नवा घ्यावा.

हे करताना एक पथ्य पाळावे : एका वेळी एकच बदल. वहीत वेळ, खोली, केलेला बदल व परिणाम लिहून ठेवावा. समजा, मजगावातील एका कामगाराच्या घरी मुलीचा लॅपटॉप रोज सायंकाळी तुटतो. चार दिवसांच्या नोंदींवरून दिसते की तो आतल्या खोलीतच तुटतो, आणि तेथे मोबाइलही अडखळतो. राउटर लोखंडी कपाटामागून काढून दारावरच्या फळीवर ठेवताच तक्रार थांबते. नव्या लॅपटॉपचे हजारो रुपये वाचतात, आणि खर्च होतो तो वहीच्या एका पानाचा.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. राउटरच्या बारीक छिद्रातील रीसेटची कळ उगाच दाबू नये. तिने सारी मांडणी पुसली जाते. दुरुस्तीच्या नावाखाली फोन करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाती लॅपटॉपचा ताबा देऊ नये. फसवणूक होऊन पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावे.

शिक्षकांनी ही तपासणी विद्यार्थ्यांकडून प्रयोग म्हणून करून घेतल्यास लहरींचा धडा पुस्तकातून घरात येईल. अर्ज मात्र कोणीही शेवटच्या दिवसावर ठेवू नये. ज्या हातांना ओतकामातील पोकळीचे कारण शोधता येते, त्यांना घरातील जोडणीचा दोष शोधणे अवघड नाही. तीच सवय उंबरठ्याच्या आत आणावयाची आहे, इतकेच.