बडोद्यातलं घर आणि एक मासिक

(मंडळाच्या सभेत केलेलं भाषण)



कवी आणि संपादक दिलीप चित्रे यांचं नाव निघालं की आपण बडोदेकर अभिमानाने सांगतो, "ते आपल्या गावचे!" खरंच आहे. 17 सप्टेंबर 1938 रोजी त्यांचा जन्म इथेच झाला. पण आज त्यांच्या घराविषयी थोडं बोलू.

त्यांचे वडील पु. आ. चित्रे यांनी 1943मध्ये बडोद्यातून 'अभिरुची' हे मासिक सुरू केलं. पुण्या-मुंबईपासून दूर, आपल्या या गावात. त्यात मर्ढेकरांच्या कविता आल्या, पु. ल. देशपांडे यांचं सुरुवातीचं लेखन आलं. मराठीतलं नवं लेखन ज्या घरात येत होतं, त्या घरात दिलीप वाढले.

1951 साली कुटुंब मुंबईला गेलं. तिथे विशीच्या आतच त्यांनी अरुण कोलटकर, रमेश समर्थ अशा मित्रांसोबत 'शब्द' काढलं. सायक्लोस्टाइल केलेलं साधं अनियतकालिक, पण मराठीतल्या लघुनियतकालिकांच्या चळवळीत त्याचं नाव आधी घेतलं जातं. 'कविता' हा त्यांचा पहिला संग्रह 1960चा. पुढे इथिओपियात शिकवलं, भोपाळच्या भारत भवनात काम केलं, 'न्यू क्वेस्ट' या इंग्रजी नियतकालिकाचं संपादन केलं. तुकोबांचे अभंग त्यांनी इंग्रजीत नेले. 1994मध्ये स्वतःच्या कवितेसाठी आणि या अनुवादासाठी असे साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार त्यांना एकाच वर्षी मिळाले. 10 डिसेंबर 2009 रोजी पुण्यात ते गेले.

आता आपल्याकडे पाहू. आपली मुलं आरत्या तोंडपाठ म्हणतात, पण लिहून घेतात गुजराती लिपीत. दोष त्यांचा नाही. आपण घरी मराठी बोलतो, वाचत मात्र नाही. आम्हीही त्यातलेच. दिवसभर कचेरीत गुजरातीत टिपणं लिहून घरी आलो की मराठी पुस्तक हाती घ्यायचं राहूनच जातं.

म्हणून एक विनंती. पुढच्या वर्षी या स्मरणिकेची चार पानं मुलांकडे द्यावीत. मजकूर त्यांचा आणि संपादनही त्यांचंच. कुणी आजीची पाककृती लिहील, कुणी कविता. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर शेजारी बसून सांगू, पण मजकूर आपण लिहून द्यायचा नाही.

आणि तोवर प्रत्येक घरात एक तरी मराठी मासिक सुरू करूया. सुरुवात आम्ही आमच्या घरापासून करतो.

गणपती बाप्पा मोरया!