स्कूबा प्रशिक्षण कुठे घ्यावे?

मालवण किंवा तारकर्लीला प्रशिक्षकाचा हात धरून काही मिनिटे पाण्याखाली जाणे हा अनुभव असतो, प्रमाणपत्र नव्हे. ‘ओपन वॉटर डायव्हर’ हा पहिला अभ्यासक्रम साधारण तीन ते चार दिवसांचा असतो: आधी सिद्धान्त, मग जलतरण तलावातील सराव आणि शेवटी समुद्रात चार बुड्या. हे प्रमाणपत्र देणाऱ्या पाडी संस्थेच्या नियमानुसार किमान वय 10 वर्षे; 200 मीटर पोहणे व 10 मिनिटे तरंगणे जमावे लागते. पात्र प्रौढाला 18 मीटरपर्यंत उतरता येते. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असल्यास डॉक्टरांचा दाखला आधीच घ्यावा. असा त्रास लपवणे जिवावर बेतू शकते.

तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. पावसाळ्यात कोकणचा समुद्र बंदच. अंदमानच्या स्वराज द्वीपाजवळ पाणी अधिक नितळ, पण प्रवासखर्च मोठा.

केंद्र निवडताना दरापेक्षा प्रशिक्षकाकडे पाहावे. त्याचा परवाना चालू आहे का, एका गटात किती शिकाऊ असतात, बोटीवर प्राणवायूची सोय आहे का, हे स्पष्ट विचारावे. परतीचे विमान शेवटच्या बुडीनंतर किमान 18 तासांनी असावे.