सातारचे वकील



अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी, शाहू महाराजांनी वसविलेल्या या नगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. देशादेशांमधील ऑनलाइन दौत्य हा आपल्या परिषदेचा विषय. दूतावासाला आपली मराठी भाषा ‘वकिलात’ म्हणते, आणि वकिलात म्हटली की सातारकराच्या मुखी एकच नाव येते: रंगो बापूजी गुप्ते.

1839 साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस धाडले, तेव्हा धन्याची कैफियत मांडण्यासाठी जो पुरुष विलायतेस गेला, लेडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीने ज्याची वकिली कधी मान्यच केली नाही, 1847 साली महाराज निवर्तले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झाले तरी ज्याने अर्ज-विनंत्यांचा नेट सोडला नाही, तो 1853 साली कर्जबाजारी होऊन परतला. चौदा वर्षे एकाच दाराशी! पुढे 1857 साली बंडाच्या कटाबद्दल येथील गेंडामाळावर ज्या सतरा जणांना देहदंड झाला त्यांत त्यांचे पुत्र सीताराम होते. स्वतः रंगो बापूजी मात्र सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत.

मालदीवने 2007 साली ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात वकिलात उघडली, हे मी वाचले आहे. अमेरिकेने 2011 साली तेहरानसाठी संकेतस्थळावर वकिलात थाटली, कारण 1980 पासून उभयतांचे राजनैतिक संबंध तुटलेले. इराण सरकारने ती आपल्या मुलखात लगोलग बंद पाडली. महिनोन्‌महिन्यांचा प्रवास क्षणावर आला, परंतु समोरच्या दरबाराने वकील मान्य करावा लागतो, ही अडचण रंगो बापूजींच्या वेळी होती तशीच आजही आहे, असे मला वाटते. तिचा विचार आपण येथे अवश्य करावा.

निवासाची सोय तीन ठिकाणी विभागावी लागली, काल रात्री आलेल्या मंडळींना ऊन पाणी मिळाले नाही, मांडवाच्या मागील भागात आवाज नीट पोहोचत नाही; या साऱ्या उणिवा माझ्या आहेत, त्या पोटात घालाव्यात. मंडईतील ज्या व्यापाऱ्यांनी दोन दिवसांची भाजी विनामोबदला दिली, ज्यांनी कंदी पेढ्यांच्या टोपल्या आपण होऊन पाठविल्या आणि ज्या भगिनी पहाटे तीनपासून चुलीपुढे भाकऱ्या थापीत आहेत, त्यांचा मी आजन्म ऋणी आहे.

उद्या सकाळी सहा वाजता मांडवाच्या दाराशी गाड्या उभ्या राहतील. चार भिंतींपाशी हुतात्म्यांचे स्मारक आहे. ते पाहिल्यावाचून कृपया कोणी सातारा सोडू नये.