बारा जणींनी पाहिलेलं पुणे

दिवाळीनंतर आमच्या बचत गटाच्या बारा जणी एक दिवस पुणे बघायला गेलो होतो. परत आल्यावर गावात ज्याने त्याने एकच विचारलं, "पुण्यात काय काम होतं?" काम काही नव्हतं. बघायला गेलो होतो, एवढंच. पण बाई माणूस कामाशिवाय शहरात जाते हे लोकांना पटत नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही आधी पटत नव्हतं.

आमच्यातल्या एक मावशी पुण्याला सात-आठ वेळा तरी गेल्या असतील. दोनदा नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी, एकदा मुलीच्या बाळंतपणाला, बाकीच्या वेळी जमिनीच्या केसच्या तारखेला. त्यांना पुणे विचारलं तर त्या दवाखान्याचा जिना सांगतात, औषधाच्या दुकानाची रांग सांगतात. शनिवारवाडा कुठे आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्यावरूनच बैठकीत विषय निघाला आणि ठरलं, एकदा दुखणं आणि तारीख सोडून पुण्याला जायचं.

पहिला प्रश्न पैशाचा. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, अंतर्गत कर्जही काढायचं नाही, हे आम्ही आधीच लिहून घेतलं. वेगळी डबी केली. दर गुरुवारच्या बैठकीत बचतीबरोबर प्रत्येकीने दहा रुपये त्या डबीत टाकायचे. वर्षभरात माणशी पाचशेच्या आसपास जमले. आम्ही पंधरा जणी आहोत. एकीला घरून परवानगी मिळाली नाही, एकीची म्हैस व्यायला झाली होती, एकीच्या मुलीची परीक्षा होती. राहिलो बारा. तिघींचे पैसे तिघींच्या नावावर डबीतच आहेत.

दुसरा प्रश्न, जायचं कसं. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका मोठ्या बसने सहलीला गेलो होतो. बावन्न बायका. उतरा, पाच मिनिटांत बघा, चढा. पुढे कुणीतरी काहीतरी सांगत होतं, मागच्यांना नुसते हातवारे दिसत होते. दोघी चुकल्या, त्यांना शोधण्यात दीड तास गेला. घरी आल्यावर काय पाहिलं ते कुणालाच धड सांगता येईना. म्हणून या वेळी ठरवलं, माणसं थोडी, ठिकाणं थोडी, आणि सांगायला माहितीचं माणूस. ओळखीतून एक गाईडताई मिळाल्या. त्यांनी दिवसाचे पंधराशे सांगितले. बारा जणींत वाटले तर माणशी सव्वाशे. गावातून दौंडपर्यंत एसटी, आपल्याला अर्धं तिकीट आहेच. दौंडहून रेल्वे. सगळा खर्च माणशी चारशेच्या आत बसला.

गाईडताईंना आम्ही फोनवरच तीन गोष्टी विचारल्या होत्या. चालायचं किती? बसायला जागा कुठे? आणि लघवीची सोय कुठे कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाला लाजू नका. आपण बायका प्रवासात पाणीच पीत नाही, आणि मग दोन दिवस जळजळ सोसतो. ताईंनी सगळा मार्गच त्या हिशोबाने आखला होता.

सुरुवात लाल महालापासून. ताईंनी आधीच सांगून टाकलं, "ही इमारत जुनी नाही. मूळ महाल कधीच पडला. ही पुणे महापालिकेने १९८८ च्या सुमारास पुरी केलेली नवी वास्तू आहे." आम्हाला हे आवडलं. खोटं मोठेपण सांगितलं नाही. मूळ महाल शहाजीराजांनी जिजाऊ आणि शिवबांसाठी बांधला. त्याआधी आदिलशाही फौजेने पुणे उद्ध्वस्त केलं होतं. गाढवाचा नांगर फिरवला आणि पहार ठोकली, असं परंपरेने सांगतात. म्हणजे इथे पुन्हा कुणी राहू नये. जिजाऊ अशा उजाड जागी लेकराला घेऊन आल्या. सोन्याचा फाळ लावून जमीन नांगरली, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण त्या जागी उभं राहून ऐकल्यावर आमच्या गटाच्या सचिव म्हणाल्या, "म्हणजे पुण्याची सुरुवात शेतीपासून झाली की!" तिथून हाकेच्या अंतरावर कसबा गणपती. पुण्याचं ग्रामदैवत, तेही जिजाऊंच्या काळातलं. ओसाड गावात लोक परत यावेत म्हणून आधी नांगर आणि देऊळ लागतं, हे खेड्यातल्या बाईला वेगळं समजवावं लागत नाही. याच लाल महालात १६६३ साली शिवाजी महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला, तेव्हा खानाची बोटं तुटली. हे सांगताना ताईंपेक्षा आमच्या आजींनाच जास्त जोर आला होता.

मग शनिवारवाडा. दिल्ली दरवाजा बघून मान दुखते इतका उंच. दारावर टोकदार खिळे, हत्तीने धडक मारून दार फोडू नये म्हणून. आत गेलो आणि मावशी म्हणाल्या, "वाडा कुठाय?" आत नुसती जोती, हिरवळ आणि कारंज्याचे हौद. ताईंनी सांगितलं, पहिल्या बाजीरावांनी १७३० साली पाया घातला, दोन वर्षांत वास्तुशांत झाली. खर्च १६,११० रुपये आला असं सांगतात. आमच्या कोषाध्यक्षांनी हा आकडा लगेच वहीत लिहिला. वरचं बांधकाम बरंचसं लाकडाचं होतं, ते १८२८ सालच्या आगीत जळालं. उरली दगडाची जोती आणि तटबंदी. जोतं बघून घर किती खणांचं होतं ते ओळखायची आपल्याला सवय असते. आमच्यातल्या दोघी गवंड्याच्या हाताखाली काम करतात. त्या पुढे होऊन कुठे खोली, कुठे चौक ते बोट दाखवून सांगू लागल्या, आणि ताई ऐकत उभ्या राहिल्या.

इथेच १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ताईंनी 'ध चा मा'ची गोष्ट सांगितली. धरावे हा शब्द बदलून आनंदीबाईंनी मारावे केला म्हणतात. सचिवांनी विचारलं, "तो कागद कुणी पाहिलाय का?" ताई म्हणाल्या, "ही लोकांच्या तोंडची गोष्ट आहे. आनंदीबाईंचा हात किती होता, यावर अभ्यासकांत वाद आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी दोष दिला तो राघोबादादांना." आजी म्हणाल्या, "राज्य पाहिजे होतं दादाला, आणि म्हणीत नाव राहिलं बाईचं." बावन्न जणींच्या बसमध्ये हा प्रश्न निघालाच नसता. थोडी माणसं असली की ऐकू येतं, आणि ऐकू आलं की विचारता येतं.

पुढे बुधवार पेठेत आलो. दगडूशेठ गणपतीचं दर्शन घेतलं. मग ताईंनी आम्हाला मागे वळायला सांगितलं. रस्त्याच्या पलीकडे भिडे वाड्याची जागा. जुना वाडा मोडकळीला आला होता, २०२३ च्या डिसेंबरात तो उतरवला, तिथे सावित्रीबाईंचं स्मारक व्हायचं आहे. आम्ही गेलो तेव्हा बघण्यासारखं काहीच नव्हतं. रिक्षा आणि हॉर्न यांतून ताई मोठ्याने सांगत होत्या. १८४८ साल. सावित्रीबाई सतरा वर्षांच्या. सुरुवातीला मुली अवघ्या सहा.

तेवढ्यात आमच्यातली एक जण म्हणाली, "ताई, मी सांगू?" ही आमच्या गावच्या बौद्ध वस्तीतली. सहा वर्षं गटात आहे, पण बैठकीत सही करून गप्प बसणारी. ती बोलायला लागली. सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा, साताऱ्याकडच्या नायगावचा. शाळेत जाताना लोक शेण-चिखल मारायचे, म्हणून त्या दुसरं लुगडं बरोबर ठेवायच्या. १८९७ च्या प्लेगात रोग्यांची सेवा करताना त्यांना प्लेग झाला, १० मार्चला गेल्या. "आमच्या वस्तीत दर ३ जानेवारीला जयंती असते," ती म्हणाली, "तुम्हाला दरवर्षी बोलावणं असतं." आम्ही कुणीच कधी गेलो नव्हतो.

मंडईत थोडा वेळ थांबलो. अष्टकोनी इमारत, १८८६ साली उघडली, तेव्हाचं नाव रे मार्केट, आता महात्मा फुले मंडई. आमच्याकडून पाच रुपयांना उचललेली मेथीची जुडी तिथे वीसला होती. इमारतीपेक्षा त्यावरच जास्त चर्चा झाली, ती पुन्हा कधीतरी.

दुपारी गंज पेठेतल्या फुले वाड्यात पोचलो. त्या पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. घर साधंच, आपल्या गावाकडच्या घरांसारखं. अंगणात जोतीरावांची समाधी. दिवस गुरुवारचा होता, रजिस्टर बरोबर होतं, म्हणून सावलीला बसून बैठक घेतली. बचत गोळा झाली, बारा सह्या झाल्या. आजी गटात आल्यावर, साठीनंतर सही शिकल्या. त्यांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा सावकाश सही केली.

मग ताईंनी सांगितलं, फसवल्या गेलेल्या विधवांची आणि त्यांच्या बाळांची आबाळ होऊ नये म्हणून या जोडप्याने १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतलं. आणि १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला.

आम्ही भाकऱ्या सोडायच्या तयारीत होतो. भिडे वाड्यापाशी बोलली तीच म्हणाली, "१८६८ म्हणजे दीडशे वर्षं होऊन गेली ना? मग आमच्या घरी बैठक असली की तुम्हा सगळ्यांना उपवास कसा असतो?"

कुणी बोललं नाही. मैत्रिणींनो, तिला विचारूनच आम्ही हे रेडिओवर सांगतोय. तिच्या आणि तिच्या जावेच्या घरी बैठक असली की चहा नको म्हणायचं, आज उपवास, आत्ताच घेऊन आले, पित्त झालंय. सहा वर्षं हे चाललं होतं. गटाचं काम बघणाऱ्यांनी, म्हणजे आम्ही, ते पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. आमचं रजिस्टर चोख होतं. बचत वेळेवर, परतफेड पूर्ण. त्या रजिस्टरात चहाचा रकाना नव्हता.

शेवटी मावशींनी तिचा डबा आपल्याकडे ओढला, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि म्हणाल्या, "तिखट कमी आहे गं." सगळ्या हसलो. पण हसण्यावर विषय संपवायचा नाही, असं आजींनी बजावलं. पुढची बैठक तिच्याच घरी ठरली. या बोलण्यात तास गेला आणि आगाखान पॅलेस राहिला. कस्तुरबा जिथे २२ फेब्रुवारी १९४४ ला बंदिवासात गेल्या, ती जागा बघायची फार इच्छा होती. गट छोटा असल्याने बेत जागच्या जागी बदलता आला. कुणाची तक्रार नव्हती.

पुढच्या गुरुवारी तिच्या घरी पंधरापैकी तेरा जणी आल्या. दोघी आल्या नाहीत, का ते आम्हाला ठाऊक आहे, आणि त्यांच्याशी बोलणं चालू आहे. आलेल्यांपैकी एकीचा खरोखरच गुरुवार होता. आजींनी तिला आठवण करून दिली, उपवासाला चहा चालतो. ती प्यायली.

तुमच्या गटाला जायचं असेल तर आमचा अनुभव असा. दहा-बारा जणींपेक्षा जास्त नको. दिवसाला चार-पाच ठिकाणं पुरे. पैसे वेगळे साठवा, बचतीला हात लावू नका. गाईडची फी आणि वेळ आधी ठरवा, आणि तो प्रश्न विचारू देतो का तेही बघा. पाण्याच्या बाटल्या न्या आणि पाणी प्या. ज्या बाईला कधीच विचारलं जात नाही, तिला बरोबर घ्या आणि तिला बोलू द्या.

येत्या ३ जानेवारीला आम्ही बौद्ध वस्तीतल्या जयंतीला जाणार आहोत. आगाखान पॅलेससाठी डबीत पुन्हा दहा-दहा रुपये पडायला लागलेत. या वेळी पंधराही जणींनी यावं, असा प्रयत्न आहे. नमस्कार.