मैदानावरील मूल आणि रेषेबाहेरील पालक

(शालेय क्रीडास्पर्धांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी माध्यमिक शाळेतील खेळाडू व पालक यांच्यासमोर झालेले भाषण)



पावसाळा मध्यावर आला की शाळाशाळांच्या मैदानांवर फक्कीच्या पांढऱ्या रेषा उमटू लागतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे संघ तालुका पातळीवर उतरतात. त्यांतील विजयी संघ जिल्ह्याला, तेथून विभागाला, तेथून राज्य पातळीवर आणि अखेरीस मोजके खेळाडू राष्ट्रीय शालेय स्पर्धेपर्यंत जातात. ही शिडी जसजशी वर जाते तसतशी अरुंद होत जाते. तालुक्याच्या मैदानावर उतरणाऱ्या बहुसंख्य मुलांचा हंगाम तालुक्यातच संपतो. या मुलांना खेळाने काय दिले, हा प्रश्न पदकविजेत्यांच्या सत्कारात बहुधा विचारला जात नाही. शाळेच्या क्रीडाकार्यक्रमाचे खरे मोल मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते, आणि ते उत्तर खेळाडू, पालक व क्रीडाशिक्षक हे तिघे आपापला वाटा कसा उचलतात यावर अवलंबून असते.

बाहेर बसलेले पाच

कबड्डीच्या संघात बारा खेळाडूंची नावे असतात आणि मैदानात सात जण उतरतात. पाच जण बाहेर बसतात. या पाच जणांनी पहाटेचा सराव तितकाच केलेला असतो, गुडघे तितकेच फोडून घेतलेले असतात. सामना पाहावयास आलेल्या त्यांच्या आईवडिलांच्या मनात खंत निर्माण होणे स्वाभाविक आहे. ही खंत घरी जाऊन कोणत्या शब्दांत व्यक्त होते, यावर त्या मुलाचा पुढचा हंगाम अवलंबून असतो. “तुला घेतलेच नाही, तर कशाला जातोस?” हे एक वाक्य मुलाला मैदानापासून कायमचे दूर नेण्यास पुरेसे ठरते. उलट, “आज पकडीच्या वेळी कोपऱ्यातला गडी कोठे चुकला, ते तू पाहिलेस का?” एवढा प्रश्न त्याला खेळाच्या आत ठेवतो.

संघनिवड हा क्रीडाशिक्षकाचा अधिकार आहे. त्यात चूक होऊ शकते, आणि पालकांना त्याविषयी विचारण्याचा अधिकारही आहे. परंतु त्याची वेळ सामन्याची नव्हे. सामना सुरू असताना किंवा तो संपताच, मुलांच्या देखत झालेला वाद शिक्षकापेक्षा मुलालाच अधिक खाली पाहावयास लावतो. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन, शांतपणे, “माझ्या मुलाने कशात सुधारणा करावी?” असे विचारणाऱ्या पालकाला बहुतेक शिक्षक मनमोकळे उत्तर देतात. शिक्षकांनीही निवडीचे निकष हंगामाच्या प्रारंभीच सांगितले, तर निम्मे गैरसमज जन्मास येणार नाहीत.

खेळाडूकडून अपेक्षा

खेळाडूकडून पहिली अपेक्षा नियमितपणाची आहे. सांघिक खेळात एकाची गैरहजेरी उरलेल्या अकरा जणांचा सराव बिघडविते. शेतीच्या कामामुळे, घरातील आजारपणामुळे अथवा परीक्षेमुळे येणे शक्य नसेल, तर तसे आधी कळवावे. हे कळविणे हादेखील खेळाच्या शिस्तीचाच भाग आहे.

दुसरी अपेक्षा सचोटीची. वयोगटात बसावे म्हणून जन्मतारखेत फेरफार करण्याचा मोह काही ठिकाणी होतो आणि खेदाची गोष्ट अशी की, त्यात बहुधा मोठ्यांचाच पुढाकार असतो. असा खेळाडू ज्या लहान मुलाला हरवितो त्याच्यावर तर अन्याय होतोच; शिवाय त्याच्या स्वतःच्या हातात पडणारे प्रमाणपत्र पुढे नोकरीच्या पडताळणीत त्याच्याच गळ्याशी येते. दहावी-बारावीच्या परीक्षेतील सवलतीचे गुण आणि शासकीय सेवेतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण या सुविधा प्रामाणिक खेळाडूंसाठी आहेत. खोट्या कागदावर मिळविलेली जागा कोणा तरी खऱ्या खेळाडूच्या हक्काची असते.

तिसरी अपेक्षा पंचांचा निर्णय मानण्याची. कबड्डीतील चढाई तीस सेकंदांची असते. त्या धामधुमीत निदानरेषा ओलांडली की नाही, हे पाहणाऱ्या पंचाची नजर कधी चुकेलही. संघनायकाने नियमाच्या चौकटीत दाद मागावी. इतरांनी पुढच्या चढाईची तयारी करावी. कबड्डीचा नियमच मोठा बोलका आहे. बाद झालेला खेळाडू बाहेर बसतो आणि सहकाऱ्याने गुण मिळविला की ठरलेल्या क्रमाने पुन्हा आत येतो. बाद होणे हा तेथे शेवट नसतो, आणि परत येणे एकट्याच्या बळावर नसते. ज्या मुलाला हे मैदानात उमगले, तो परीक्षेतील अपयशानेही सहसा खचत नाही.

अभ्यास, आहार आणि दुखापत

“दहावीचे वर्ष आहे, आता खेळ बंद” हा निर्णय असंख्य घरांत जून महिन्यातच होतो. पालकांची काळजी खोटी नाही. तथापि खेळ सोडलेल्या मुलाचा तो वेळ अभ्यासातच जातो, असे समजण्याचे कारण नाही. पहाटेचा तासभर सराव, संध्याकाळी ठरावीक वेळी अभ्यास आणि पुरेशी झोप असे वेळापत्रक मूल व पालक यांनी एकत्र बसून आखावे. स्पर्धेच्या दौऱ्यात बुडालेले पाठ भरून काढण्याची जबाबदारी खेळाडूची, आणि त्याला वह्या व मार्गदर्शन मिळवून देण्याची जबाबदारी शाळेची.

आहारासाठी महागड्या डब्यांची आवश्यकता नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळ, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे व गूळ या घरच्या पदार्थांतून वाढत्या वयाच्या खेळाडूची गरज बव्हंशी भागते. शरीर लवकर भरते म्हणून कोणी हातात ठेवलेली भुकटी वा गोळी वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नये. त्यात काय मिसळले आहे याचा भरवसा नसतो. आणि उत्तेजकविरोधी नियमांनुसार आपल्या शरीरात काय गेले याला खेळाडू स्वतः जबाबदार धरला जातो.

घोटा मुरगळला तर तो चोळण्याची व शेकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पहिले दोन दिवस हे दोन्ही टाळावे. फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, पाय उंचावर ठेवावा आणि विश्रांती द्यावी. पाय टेकवत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. डोक्याला मार बसून क्षणभर जरी गरगरले, तरी त्या दिवशी खेळाडूने पुन्हा मैदानात उतरू नये. मग सामना अंतिम फेरीचा का असेना. “थोडे सहन कर” असे सांगणारा पालक आणि दुखणे लपविणारा खेळाडू हे दोघेही एका सामन्यासाठी अनेक वर्षांचा खेळ पणाला लावतात.

मुलींचे मैदान

सातवी-आठवीपर्यंत उत्साहाने खेळणाऱ्या मुली पुढे मैदानावर दिसेनाशा होतात. घरकाम, परतीच्या वाटेवरील अंधार, लोक काय म्हणतील ही भीती आणि मासिक पाळीविषयीचे समज ही त्याची सर्वपरिचित कारणे आहेत. प्रकृती ठीक असेल तर पाळीच्या दिवसांत खेळण्यास वैद्यकीयदृष्ट्या हरकत नाही. त्रास होत असेल तर विश्रांती मागण्याचा संकोच मुलीला वाटता कामा नये. मैदानाजवळ पाणी असलेले स्वच्छतागृह ही सोय नसून गरज आहे. सरावाची वेळ उजेडात संपावी आणि दौऱ्यावर मुलींच्या संघासोबत शिक्षिका असावी, अशी मागणी पालकांनी अवश्य करावी.

मूल कोणाबरोबर जाते, कोठे राहते, हे जाणून घेणे हा पालकांचा हक्क आहे. कोणाच्या वागण्याविषयी मूल काही सांगू लागले, तर “खेळ बंद कर” असे म्हणण्याआधी त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार असा अपराध माहीत असलेल्या व्यक्तीने तो कळविणे बंधनकारक आहे. १०९८ या क्रमांकावर मुलांना तसेच मोठ्यांना मदत मागता येते. शिक्षा मुलाच्या खेळाला होऊ नये.

धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघ अजिंक्य ठरला. खो-खो तर आपल्या शाळांच्या अंगणात वाढलेला खेळ. मैदानातून घरी बोलावून घेतलेल्या मुलींत असे किती गुण विझले असतील, याचा विचार प्रत्येक घराने करावयास हवा.

कर्ज आणि कुस्ती

पालकांनी आणि समाजाने खेळाडूच्या पाठीशी कसे उभे राहावे, याचे उदाहरण याच मातीत आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. कुस्तीचे पहिले धडे त्यांना पैलवान असलेल्या वडिलांकडून मिळाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना सहाव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. पदकाविना परतलेल्या या खेळाडूला लोकांनी टाकून दिले नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदकाची हमी त्या वेळी कोणीही देऊ शकत नव्हते. खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कऱ्हाडला त्यांच्या स्वागतासाठी शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे सामने भरवून, स्वतः त्यांत लढून, प्राचार्यांचे कर्ज फेडले. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा महाराष्ट्रात राज्य क्रीडादिन म्हणून साजरा होतो.

या कथेत दोन्ही बाजूंचे कर्तव्य आहे. मोठ्यांनी निकालाची अट न घालता आधार दिला आणि खेळाडूने मिरवणुकीच्या धुंदीत देणे विसरले नाही.

दुसरे उदाहरण ताजे आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांना त्यांच्या शिक्षक वडिलांनी २००९ मध्ये शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल केले. पॅरिस ऑलिंपिकमधील नेमबाजीचे कांस्यपदक त्यांना १ ऑगस्ट २०२४ रोजी मिळाले. या दोन तारखांमध्ये पंधरा वर्षे आहेत. पहिल्याच हंगामात चषकाची वाट पाहणाऱ्या पालकांनी ही पंधरा वर्षे लक्षात ठेवावीत. आणि इतकी वर्षे देऊनही प्रत्येकाला पदक मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

परतीच्या वाटेवर

सामन्याच्या दिवशी पालकांनी रेषेबाहेर बसून टाळ्या वाजवाव्यात. प्रतिस्पर्ध्याच्या चांगल्या पकडीलाही वाजवाव्यात. सूचना देण्याचे काम शिक्षकावर सोपवावे. चढाईला गेलेला मुलगा बाहेरून ओरडणाऱ्या वडिलांकडे पाहतो, तेवढ्यात मागून पकड होते, हे दृश्य तालुक्याच्या सामन्यांत नवे नाही. त्या क्षणी त्याला दोन आवाज ऐकू येत असतात आणि तो कोणाचेच ऐकू शकत नाही.

सर्वांत कठीण परीक्षा परतीच्या वाटेवर असते. हरलेले मूल गाडीत गप्प बसलेले असते. त्या वेळी चुकांची उजळणी नको. पाणी द्यावे, खाऊ घालावे, आणि त्याचा खेळ पाहताना आनंद झाला, एवढेच सांगावे. बोलावेसे वाटेल तेव्हा ते आपणहून बोलेल.

विद्यार्थी मित्रहो, पुढील आठवड्यापासून सराव सुरू होत आहे. बारा जणांत आपले नाव असो वा नसो, पहाटे मैदानावर यावे. पालकहो, त्या पहाटे मुलाला उठवावे, हातात शेंगदाण्या-गुळाची पुरचुंडी द्यावी आणि संध्याकाळी निकालाआधी त्याच्या गुडघ्याची विचारपूस करावी. शाळेला आपल्याकडून एवढीच अपेक्षा आहे.