पंधरवड्याची सेवा



आजचा विषय ऐकून काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. मध्य अमेरिकेतील होंडुरास देशाची खेडी, तेथे आठ-पंधरा दिवसांसाठी जाणारी अमेरिकन ख्रिस्ती मंडळी आणि त्यांनी बांधलेली घरे, यांच्याशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो आम्ही पुढे सांगू. परंतु तो नसता तरीही हा विषय ऐकण्याजोगा होता. दुसऱ्याचे भले करावे असे ज्याला वाटते, त्याच्यापुढे एक प्रश्न केव्हा ना केव्हा उभा राहतोच. तो या खेड्यांत फार स्वच्छ दिसतो. केलेल्या सेवेचा हिशेब कोणी मांडावयाचा, देणाऱ्याने की घेणाऱ्याने, हा तो प्रश्न.

मिशनरी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जन्मभर परमुलखात राहणारा माणूस येतो. हे साहजिक आहे. फादर स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले आणि 1619 साली तेथेच वारले. मधल्या चाळीस वर्षांत त्यांनी इथली भाषा अशी आपलीशी केली की त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापून निघाले ते ओवीबद्ध मराठीत. डॉ. जॉन विल्सन 1829 साली मुंबईस आले आणि 1875 साली मुंबईतच त्यांचा अंत झाला. यांच्या मतांशी आपले पटले असे नव्हे. मोरभट दांडेकरांनी विल्सनसाहेबांशी जाहीर वाद घातला, आणि तो घातला हे चांगलेच झाले. पण वाद घालता आला तो का? समोरचा माणूस उद्या सकाळी तेथेच सापडणार होता, त्याला आपली भाषा कळत होती, आणि आपण दिलेले उत्तर त्याला ऐकून घ्यावे लागत होते, म्हणून. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जन्मभराच्या मिशनच्या शेजारी एक नवी चाल निघाली. विमानाने अंतर कमी केले, अमेरिकेतील मध्यमवर्गाच्या हाती पैसा आणि सुट्टी आली. 1957 साली जॉर्ज व्हर्वर नावाचा महाविद्यालयीन तरुण दोन मित्रांसह सुट्टीत मेक्सिकोला धर्मग्रंथ वाटावयास गेला. 1960 साली लॉरेन कनिंगहॅम यांनी तरुणांना थोड्या मुदतीसाठी परदेशी पाठविणारी संस्था काढली. पुढे गावोगावच्या चर्चनी ही प्रथा उचलली. रॉबर्ट वुथनाऊ या समाजशास्त्रज्ञाच्या पाहणीवरून 2005 च्या सुमारास असा अंदाज निघाला, की अमेरिकेतून दरसाल सुमारे 16 लाख चर्चसभासद अशा फेरीवर परदेशी जातात.

फेरीचे स्वरूप साधारण ठरलेले असते. चर्चची मंडळी वर्गणी जमवितात. मुले शेजाऱ्यांच्या मोटारी धुऊन, घरचे केक विकून पैसे उभे करतात. दहा-वीस जणांची तुकडी निघते, दुभाष्या बरोबर घेते आणि खेड्यात उतरते. तेथे कोणी भिंत बांधतो, कोणी शाळेला रंग देतो, कोणी दवाखाना मांडतो, कोणी मुलांना बायबलातील गोष्टी सांगतो. शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ होतो, डोळ्यांत पाणी येते. घरी परतल्यावर रविवारच्या उपासनेनंतर छायाचित्रे दाखवून वृत्तांत सांगितला जातो, आणि त्यात एक वाक्य बहुधा असते : आम्ही द्यावयास गेलो, परंतु आम्हालाच अधिक मिळाले. हे वाक्य आपण शब्दशः खरे मानू आणि पुढे जाऊ.

1998 च्या ऑक्टोबरअखेर ‘मिच’ नावाच्या चक्रीवादळाने होंडुरासला गाठले. वाऱ्यापेक्षा पावसाने अधिक घात केला. डोंगर खचले, नद्यांनी पात्रे सोडली, पूल वाहून गेले, हजारो माणसे दगावली आणि लाखो बेघर झाली. जगातून मदतीचा ओघ सुरू झाला. उत्तर अमेरिकेतील चर्चच्या तुकड्या घरे बांधावयास धावल्या. त्यांचा हेतू निर्मळ होता, याविषयी आम्हास शंका नाही.

कर्ट व्हेर बीक हे स्वतः ख्रिस्ती असलेले, होंडुरासमध्ये अनेक वर्षे राहिलेले समाजशास्त्राचे अध्यापक. त्यांनी या घरांचा शोध घेतला आणि 2006 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका घराचा खर्च होता सुमारे 2,000 डॉलर. ते बांधावयास आलेल्या एका तुकडीचा, विमानभाडे धरून, सरासरी खर्च होता सुमारे 30,000 डॉलर. भागाकार अवघड नाही. तुकडी घरीच राहिली असती आणि नुसता पैसा आला असता, तर एका घराच्या जागी पंधरा घरे उभी राहिली असती. त्या घरांवर मजुरी मिळाली असती ती तेथल्याच गवंड्यांना आणि सुतारांना.

व्हेर बीक एवढ्यावर थांबले नाहीत. परदेशी पाहुण्यांनी बांधलेल्या घरातली कुटुंबे आणि होंडुरासच्याच संस्थांनी बांधलेल्या घरातली कुटुंबे यांची त्यांनी तुलना केली. पाहुण्यांच्या सहवासामुळे घरवाल्यांच्या आयुष्यात काही निराळा पालट झाला काय, हे पाहिले. फरक आढळला नाही. मग त्यांनी पाहुण्यांकडे मोर्चा वळविला. परत गेलेल्या पुष्कळांनी सांगितले होते, की या प्रवासाने आमचे जीवन बदलले, आमची दानवृत्ती वाढली. संस्थेच्या वह्या तपासल्या तेव्हा देणग्यांच्या आकड्यांत त्या मानाची वाढ दिसेना.

येथे कोणी म्हणेल, सेवा ही काय वाण्याची वही आहे? माणूस माणसाला भेटला, याला मोल नाही काय? हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. प्रवासासाठी जमविलेले 30,000 डॉलर नुसत्या पत्रावर जमले नसते, हेही खरे आहे. खेड्यातील म्हातारीला कोणी दूरदेशीची मुलगी येऊन अंगणात बसली, तिने पाटीभर वाळू वाहिली, याचे कौतुक वाटते. कौतुक खोटे नाही. परंतु भेटीसाठी गेलो असू तर भेटीसाठी गेलो म्हणावे, त्याला मदतीचे नाव देऊ नये. मदतीचे नाव दिले की त्या म्हातारीचे तोंड बंद होते. भिंत वाकडी झाली तरी ती म्हणणार कशी? घर दक्षिणेकडे उघडावयास हवे होते हे ती सांगणार कोणाला? उपकाराखाली वाकलेल्या माणसाला नकाराचा अधिकार उरत नाही. आणि ज्या दानाला नाही म्हणता येत नाही, ते दान घेणाऱ्याच्या मानातून थोडे काही वजा करूनच दिलेले असते.

दवाखान्याचेही तसेच. तीन दिवस परदेशी डॉक्टर बसतात, शेकडो माणसे रांग लावतात. दात काढावयाचा असेल तर काम तेथल्या तेथे पुरे होते, ते उपयोगी आहे. परंतु रक्तदाबाच्या रोग्याला महिन्याच्या गोळ्या देऊन भागत नाही. गोळ्या संपतात तेव्हा डॉक्टर आपल्या देशी असतो. रोग जन्माचा आणि वैद्य पंधरवड्याचा, हा मेळ बसावयाचा कसा?

चांगला हेतू कोठवर घसरू शकतो याचा दाखला हैतीत मिळाला. 12 जानेवारी 2010 रोजी तेथे भूकंप झाला. महिना संपण्यापूर्वी आयडाहो राज्यातील चर्चशी संबंधित दहा अमेरिकन माणसे 33 मुलांना घेऊन डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या सीमेवर पकडली गेली. मुले अनाथ आहेत, त्यांना आपण वाचवीत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे कळले की बहुतेकांचे आईबाप हयात होते. राजधानीच्या वरच्या डोंगरातील कालेबास या खेड्यातील आईबापांनी मुले स्वतःच्या हातांनी सोपविली होती, कारण त्यांना शिक्षणाचे आणि सुखाचे आश्वासन मिळाले होते. या माणसांना कागदपत्रांची निकड वाटली नाही, कारण आपला हेतू चांगला आहे ही त्यांची खात्री होती. हेतूच्या खात्रीने माणूस विचारावयाचे विसरतो, हा यातला धडा आहे.

ही टीका बाहेरच्या माणसांचीच आहे असे समजू नये. 1968 च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे इव्हान इलिच या कॅथलिक धर्मगुरूंना भाषणास बोलाविले होते. श्रोते होते सुट्टीत मेक्सिकन खेड्यांची सेवा करावयास निघालेले अमेरिकन विद्यार्थी. इलिच यांनी त्यांच्या तोंडावर सांगितले, की या देशात पाहावयास या, शिकावयास या, मौजेने हिंडा, पण उपकार करावयास येऊ नका. बोलाविलेल्या पाहुण्याने यजमानांचे इतके कठोर स्वागत क्वचितच केले असेल.

खुद्द बायबलात याविषयी काय आहे? लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या शिष्यांना दोघादोघांनी गावोगाव धाडतात. तीही थोड्या दिवसांचीच फेरी. परंतु त्यांना आज्ञा काय? थैली घेऊ नका, झोळी घेऊ नका, ज्या घरी उतराल तेथे पुढे येईल ते खा. म्हणजे जाणारा रिकाम्या हाताने गेला आणि गावाच्या अन्नावर राहिला. देणारे गाव होते. पौलाचा मुक्कामही पुष्कळ गावी अल्पच असे. पण तो तेथल्याच माणसांतून वडीलजन नेमून, काम त्यांच्या हाती सोपवून निघे. यावरून आमचे म्हणणे स्पष्ट व्हावे. दोष मुदतीचा नाही. थोडे दिवस जाणे हे पाप नव्हे. आपण कोणत्या नात्याने गेलो आणि मागे काय ठेवून निघालो, यावर सारे आहे.

आता आपला संबंध. 1969 साली आपल्याकडे विद्यापीठांतून राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तेव्हापासून आपली मुले दरवर्षी खेड्यांत शिबिराला जातात. बांध घालतात, रस्ता झाडतात, पथनाट्य करतात, सातव्या दिवशी गाडीत बसून परत येतात. अनिवासी मराठी कुटुंबांतील मुलेही सुट्टीत आपल्या आदिवासी पाड्यांवर शिकवावयास येऊ लागली आहेत. यात धर्माचा प्रश्न नाही, हेतूही उमदा आहे. तरीही होंडुरासचा हिशेब आपल्या वहीत मांडून पाहावयास हरकत नसावी. बांध कोठे घालावयाचा हे गावाने ठरविले काय? पुढल्या वर्षी तो पाहावयास कोणी जातो काय? नको म्हणण्याची संधी गावाला दिली होती काय?

दुसरी वाट आहे, आणि ती पाहावयास होंडुरासला जावे लागत नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडला आले, ते राहण्यासाठी. त्यांनी औषधाची पेटी आपल्याच हाती ठेवली नाही. गावोगावच्या बायकांना, ज्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती, त्यांनी आरोग्यसेविका केले. बाळंतपण, मुलांचे पोषण, साधे आजार हे काम त्या बायका करू लागल्या. मेबलताई 1999 साली गेल्या, रजनीकांत 2011 साली गेले. काम राहिले, कारण ते गावातल्या बायकांच्या हाती होते. आणि गंमत पाहा, जामखेडलाही परदेशी पाहुणे येतात, आणि थोड्याच दिवसांसाठी येतात. पण ते येतात ते शिकावयास. ज्या बाईला कधीकाळी कोणी फुकट गोळ्या वाटून गेले असते, तिच्यासमोर ते वही घेऊन बसतात.

आमचे सारे म्हणणे एवढेच आहे. पंधरा दिवसांसाठी जावयाचे तर शिष्य म्हणून जावे. गुरू व्हावयाचे तर भाषा शिकावी, घर करावे, उलट उत्तर ऐकावयास उद्या सकाळी हजर असावे. ज्याला राहणे शक्य नाही त्याने पैसा द्यावा, तो राहणाऱ्याच्या हाती द्यावा, आणि त्यावर आपले नाव घालू नये. एवढे पाळले तर परत आल्यावर आम्हालाच अधिक मिळाले असे म्हणावयास लाज वाटण्याचे कारण नाही. शिकावयास गेलेल्याला अधिक मिळावे, हेच योग्य आहे.