मातीतले राखणदार



आज आपण मातीबद्दल चार गोष्टी बोलू. माती आपण रोज पाहतो. ती नांगरतो, कुळवतो, तिच्यात बी पेरतो. पण मातीच्या पोटात कोण कोण राहते? गांडूळ आपल्या ओळखीचे. मुंगी आणि वाळवी ओळखीची. हुमणी तर फारच ओळखीची! ती उसाची मुळे खाते. वर ऊस पिवळा पडतो. ओढला तर ठोंब सहज हातात येतो. वर्षाची मेहनत फुकट जाते.

पण याच मातीत किडींचे वैरीही राहतात. त्यांना सूत्रकृमी म्हणतात. सूत्र म्हणजे दोरा. दोऱ्यासारखा बारीक कृमी, तो सूत्रकृमी. लांबी जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. डोळ्यांना सहसा दिसत नाही.

कोणी म्हणेल, "अहो, वांग्याच्या मुळांवर गाठी आणतात, तेच ना हे?" नाही. ती जात निराळी. ती पिकाला खाते. आम्ही सांगतो आहोत ती जात किडीला मारते. पिकाला, माणसाला, गुराढोरांना तिचा त्रास नाही. गांडुळालाही नाही.

हे इवलेसे कृमी किडीला मारतात तरी कसे? त्यांच्या पोटात एक प्रकारचे जिवाणू असतात. कृमी किडीच्या तोंडातून किंवा श्वासाच्या छिद्रातून आत शिरतो आणि ते जिवाणू सोडतो. एक-दोन दिवसांत कीड मरते. मग कृमी आतच खातात, वाढतात, पिले घालतात. खाणे संपले की पिले बाहेर पडतात आणि नवी कीड शोधतात. एका मोठ्या अळीतून लाखावर पिले निघतात!

१९२९ साली अमेरिकेत न्यू जर्सी भागात ग्लेझर नावाच्या शास्त्रज्ञाला भुंगेऱ्याच्या अळ्या मातीत मेलेल्या आढळल्या. त्या अशाच कृमींनी मारल्या होत्या. आपल्या देशात तमिळनाडूत कोइमतूरला उसाच्या किडीत अशीच एक जात सापडली. १९९२ साली तिला नाव मिळाले. त्या नावात 'इंडिका' हा शब्द आहे. पुढे हीच जात जपान, इजिप्त आणि क्युबा या देशांतही आढळली. बर्फाळ दक्षिण ध्रुवखंड सोडला, तर असे कृमी पृथ्वीच्या सर्व खंडांत आहेत.

मग आपल्या शेतात ते असतीलच का? इथेच खरी गोम आहे. हे कृमी सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. शंभर जागांची माती तपासली, तर कुठे पाच-दहा जागी सापडतात, कुठे वीस-तीस जागी. एकाच रानात या कोपऱ्यात असतात आणि दहा पावलांवर नसतात.

असे का होते? कृमी मातीच्या कणांवरच्या पाण्याच्या पातळ थरातून सरकतो. माती सुकली की त्याची वाट बंद. ऊन लागले की तो मरतो. रेताड मातीत त्याला फिरायला जागा मिळते. समुद्रकाठच्या वाळूतही काही जाती सापडतात. चिकण मातीत वाट अरुंद असते. शिवाय जिथे कीड नाही, तिथे त्याला खाणे नाही. आणि तो स्वतः फार लांब जात नाही. पाण्याबरोबर, मातीबरोबर, नाहीतर आजारी किडीच्या अंगातून तो दुसरीकडे पोहोचतो.

आपल्या मातीत तो आहे का, हे घरी पाहता येते. शेतातून, बांधाकडून, झाडाखालून वीतभर खोलीपर्यंतची ओली माती घ्या. प्रत्येक जागेची माती वेगळ्या डब्यात ठेवा. झाकणाला बारीक भोके पाडा. मधमाश्यांच्या जुन्या पोळ्यात मेण खाणारी अळी असते. ती मिळाली तर उत्तम. नाही तर तांदळात जाळी करणारी अळी चालेल. प्रत्येक डब्यात चार-पाच अळ्या टाका. डबे आठवडाभर सावलीत ठेवा. माती ओलसर असू द्या, पण चिखल नको.

अळी मेली तर तिचा रंग आणि वास पाहा. विटेसारखी लाल किंवा फिकट तपकिरी दिसली, आणि कुजकी घाण येत नसली, तर कृमी असण्याचा संभव आहे. काळी पडून घाण मारत असेल, तर ती बहुधा दुसऱ्याच कारणाने मेली. खात्री करण्यासाठी अशी अळी कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी.

कृमी सापडले, तर ती जागा जपा. तिथे पाचट जाळू नका, पसरून ठेवा, ओल टिकते. कडक औषध दिसेल तिथे ओतू नका.

बाजारात आता या कृमींची भुकटीही मिळते. ती घ्यायची तर एवढे लक्षात ठेवा. हा जिवंत माल आहे. तो उन्हात ठेवू नये. संध्याकाळी ओल्या जमिनीत घालावा. हुमणीची अळी पावसाळ्यात लहान असते, तेव्हा घालावा. मोठी झालेली हुमणी सहज मरत नाही.

कृमी एकटे सगळी हुमणी संपवतील, असे मात्र आम्ही म्हणत नाही. वळवाचा पाऊस पडला की भुंगेरे संध्याकाळी कडुलिंबावर आणि बाभळीवर जमतात. गावाने मिळून फांद्या हलवाव्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करावे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकावे. एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या रानातले भुंगेरे आपल्याकडे येतातच.

तेव्हा मंडळी, यंदाच्या पावसाळ्यात पाच-सहा जणांनी मिळून डबे लावा. कुठल्या बांधाच्या मातीत अळी मेली, ते वहीत लिहून ठेवा. आता आपल्याला लिहिता येते. त्या विद्येचा शेताला उपयोग होऊ द्या.